बारावी सुई

सुई टोचल्यावर दुखतं का, हा प्रश्न मला आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींनी विचारला. ज्यांना विचारायचा धीर झाला नाही त्यांनी दुसरीकडून विचारून घेतला. तर सांगून टाकते. दुखत नाही. टेकताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग तो भाग ओल्या गोधडीसारखा जड होतो, मग आत कुठेतरी कुणी तार ओढावी तसं वाटतं, आणि बहुतेकांना झोप लागते. रक्त येत नाही. आलं तर एखादा थेंब. मी स्वतःच्या पायावर एक टोचून घेतली आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

सुया होत्या ताईच्या हातासाठी. ताई म्हणजे माझी मोठी बहीण चारुलता. गेल्या दिवाळीत तिला विषमज्वर झाला, एकवीस दिवसांनी उतरला, आणि जाताना तिचा उजवा हात कोपरापासून खाली घेऊन गेला. हात जागेवरच होता, पण नुसता लोंबायचा. ताईचं अक्षर असं की अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, कोर्टातले वकील लग्नपत्रिका तिच्याकडून लिहून घेत. मास्तरणीची परीक्षा ती पास झाली होती, मुलींच्या एका शाळेत जागाही ठरली होती. हेडबाई भल्या. म्हणाल्या, "जूनपर्यंत जागा धरून ठेवते. पण फळ्यावर लिहिता यायला हवं गं, त्याशिवाय मी कमिटीला काय सांगू?" ताईने डाव्या हाताने प्रयत्न केला. शाईत पडलेला मुंगळा कागदावरून चालत जावा तशी अक्षरं आली. तिने तो कागद चुलीत घातला.

उपाय थोडे नाही झाले. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि मग हात वर केले. त्यांचे दोन्ही हात कसे छान वर जात होते, याचाच मला राग आला. वैद्यांनी चाळीस दिवस तेल चोळायला दिलं. हात केळीच्या पानासारखा तुकतुकीत झाला, हलला मात्र नाही. मग माधवनगरच्या मामाने ताईला सांगलीला एका बाईकडे नेऊन तुंबड्या लावल्या. म्हणजे पितळी वाटीत पेटता बोळा फिरवायचा, वाटी कातडीवर उपडी घालायची, की ती आपोआप चिकटून मांस वर ओढते. ताई दंडावर सात काळीनिळी वर्तुळं घेऊन परत आली. शेवटी आईने तापल्या सळईचा डाग द्यायचं काढलं तेव्हा मी मध्ये पडले आणि स्वयंपाकघरात उभी राहून दहा मिनिटं भाषण केलं.

"हिला एवढं बोलायला कुणी शिकवलं?" आई म्हणाली.

"गॅदरिंगला भाषणाचं बक्षीस दिलं ना शाळेने," अण्णा म्हणाले. "आता ती थांबायची नाही."

पण डाग टळला. आणि त्याच आठवड्यात उंब्रजच्या एका पक्षकाराकडून अण्णांना आकाराम हवालदारांचं नाव कळलं.

हवालदार लढाईत मलायात होते आणि साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत काढून परत आले होते. तिथे रबराच्या मळ्यात कामाला लावलं असताना एका चिनी म्हाताऱ्याकडून ते सुया टोचायची ही विद्या शिकले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी अण्णा, ताई आणि मी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून उंब्रजला उतरलो तेव्हा आम्ही तिघेही धुराने काळे झालो होतो.

हवालदार उंच, वाळलेले, फार न बोलणारे. बोलण्याचं काम त्यांच्या बायकोकडे, बनाबाईंकडे होतं. त्यांनी आधी गुळाचा चहा दिला, मग ताईचा हात उचलून बघितला आणि म्हणाल्या, "आगं बाय, लय देखणा हात हाय की. असा कसा झोपला?"

सुया बारीक, चकचकीत होत्या. मिरजेहून सतारीची तार आणून हवालदारांनी त्या स्वतः दगडावर घासल्या होत्या.

"किती टोचणार?" अण्णांनी विचारलं.

"अकरा."

"अकराच का?"

"तेवढ्याच जागा ठावं हायत, अण्णासाहेब."

हे उत्तर मला फार आवडलं. आपल्याला काय येत नाही, ते आतापर्यंत कुणीच आम्हाला सांगितलं नव्हतं.

मला त्यांनी एक काम दिलं. सुई अंगात गेली की एक चिंचोका ताटलीत टाकायचा, सुई निघाली की एक चिंचोका परत डब्यात. एकही सुई अंगात विसरायला नको. ताईला डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून निजवलं. उजवा हात वर मोकळा. अकरा सुया मनगटापासून खांद्यापर्यंत गेल्या, अकरा चिंचोके ताटलीत पडले. मग हवालदार म्हणाले, "आता समदी दाराकडं तोंड करून बसा. मागं बघायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

"ते का?" मी विचारलं. मी विचारतेच.

"तितं कैदेत पहारेकरी यायचा," बनाबाई म्हणाल्या. "सुया सापडल्या की मारायचा. म्हून एकानं दारावर नजर ठेवायची. त्येची यांना सवय लागलीय. हितं कोण येतंय? म्हस येती."

हवालदार हसले नाहीत. आम्ही ताईकडे पाठ करून अर्धा तास बसलो. बाहेर उन्हात म्हैस खरंच उभी होती आणि आमच्याकडे बघत होती.

मग सुया निघू लागल्या. एक एक करून मी चिंचोके डब्यात टाकले. ताटली रिकामी झाली. आणि तरी ताईच्या हातात, कोपराच्या आतल्या घडीपाशी, एक सुई उभीच होती.

"शरयू, गणितात नापास," अण्णा म्हणाले.

मला गणितात ऐंशीच्या खाली कधी मार्क पडलेले नाहीत. मी तसं सांगणार होते, पण हवालदारांचा चेहरा बघून थांबले. ती सुई इतरांसारखी नव्हती. जाड होती, काळपट होती, वरच्या बाजूला जराशी वाकडी. हवालदारांनी ती दोन बोटांत धरून हलकेच ओढली, फडक्यात गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवली.

"चुकलं असंल," ते म्हणाले.

बुधवारी सकाळी ताईचा अंगठा हलला. आई देवापुढे रडली, अण्णांनी कोर्टातून पेढे आणले, मी गल्लीभर सांगून आले.

पुढच्या रविवारी अण्णांना सवड नव्हती, तेव्हा मी म्हटलं की मी नेते ताईला. पंधरा वर्षांची मुलगी बहिणीला घेऊन उंब्रजला जाते म्हणून शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं. मी मोटारीत पुढची जागा मिळवली.

त्या दिवशी मी मोठ्याने मोजलं. अकरा. दोनदा ताटली दाखवली. हवालदार माझ्या शेजारी दाराकडे तोंड करून बसले, इतके जवळ की त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. अर्ध्या तासात ते जागचे उठले नाहीत. आणि निघाल्या बारा. तीच काळी सुई, त्याच जागी. मी उठून कोनाड्यातलं फडकं उलगडलं. ते रिकामं होतं. हवालदारांनी ती सुई पुन्हा त्यातच गुंडाळली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

परतीच्या मोटारीत ताई म्हणाली, "हवालदारांचा अंगठा किती कोरडा आहे गं. शेवटची टोचायच्या आधी दाबून जागा बघतात ना, तेव्हा झाडाची साल लागल्यासारखं होतं."

"शेवटची म्हणजे कितवी?"

"तीच गं, मागाहून येऊन टोचतात ती."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. रस्त्याच्या कडेची वडाची झाडं एकामागून एक मागे जात होती आणि प्रत्येक खोडाची साल मला अगदी जवळून दिसत होती. ताईला मी काही सांगितलं नाही. तिची तीन बोटं तोवर हलू लागली होती.

मार्चभर असं चाललं. अकरा आत, बारा बाहेर. चौथं बोट हलायला लागलं, ताई पेला धरू लागली. आणि मी? मी रोज शाळेत बसून एकच विचार करायची की मागे बघितलं तर काय दिसेल. हे सांगायला लाज वाटते. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मुलगी म्हणून सगळे माझं कौतुक करतात, आणि त्या कौतुकाने मी बिघडले होते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी मागे बघितलं.

कुणी नव्हतं. ताई भिंतीकडे तोंड करून निजली होती, हातात अकरा सुया. पण ती ज्या वाकळीवर निजली होती तिची कड दबलेली होती, एखादं माणूस टेकून बसलं की दबते तशी. मी बघत असतानाच तो खोलगा हळूहळू वर आला आणि वाकळ सपाट झाली. खोलीत ओल्या लाकडाच्या धुराचा वास सुटला. चूल तर विझलेली होती.

त्या दिवशी अकराच सुया निघाल्या.

पुढच्या रविवारीही अकरा. त्याच्या पुढच्याही. ताईच्या हातातून पेला पडला. मग बोटं एकेक करून थांबली, शेवटी अंगठा. मे उजाडला. हेडबाईंचा निरोप आला की दहा जूनला शाळा उघडते आणि कमिटीकडे आणखी एका मुलीचा अर्ज आला आहे.  ताईने आपली पुस्तकं काढली आणि डाव्या हाताने त्यांची कव्हरं पुसून मला देऊन टाकली. "तुला होतील," म्हणाली.

मला रात्रभर झोप लागली नाही. रविवारी उंब्रजला पोचल्याबरोबर, ताईच्या आणि बनाबाईंच्या देखत, मी सांगितलं.

"काका, मी मागे बघितलं होतं. म्हणून तो येत नाही."

हवालदार सुया उकळत्या पाण्यात टाकत होते. त्यांचा हात थांबला.

"कोण येत न्हाई?" बनाबाईंनी विचारलं.

"बारावी सुई कुणाची आहे ते काकांना माहीत आहे."

 हवालदार खाली बसले.

"सायकलच्या तारेची हाय ती," ते म्हणाले. "म्हाताऱ्यानं घासलेली. आमी त्येला बाबा म्हणायचो. त्येची भाषा मला न्हाई, माझी त्येला न्हाई. तर शिकवायचा कसा? डोळं मिटायला लावायचा. हातात सुई द्यायचा, मनगट धरायचा आनि जाग्यावर न्यायचा. हात शिकतो. डोळं मधी आलं की चुकतं. असल्या हाताच्या अकरा जागा दावल्या त्यानं. मग बोट वर करून खुणंनं म्हणला, आनि एक हाय. उद्या."

"मग?"

"उद्या झाला न्हाई."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "त्या सांजच्याला दारावर मी व्हतो. म्हातारा एका पोराला सुया टोचत व्हता. मला डुलकी लागली. जागा झालो तवा दार उघडं व्हतं, आनि म्हातारा न्हवता."

बनाबाई परातीत पीठ चाळत होत्या. त्यांनी चाळण बाजूला ठेवली. त्यांनाही हे आजच कळत होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसलं.

"मग तो तुम्हाला शिकवायलाच येतोय, काका," मी म्हटलं. "राहिलेली जागा दाखवायला. तुम्ही डोळे मिटून हात पुढे करायचा, एवढंच."

"एवढंच?" हवालदार म्हणाले. "माझ्यामुळं नेला त्येला. त्यानं माझा हात धरला तर मी काय तोंड दावू, पोरी? न्हाई जमणार. साडेतीन वर्सात जपान्याला भ्यालो न्हाई एवढा मी त्या एका सुईला भितो."

"मग माझा धरू दे."

"ए बाय," बनाबाई म्हणाल्या, "तुज्या आईला काय सांगू मी?"

"आईला मी सांगेन. मला बोलता येतं."

"शरू, नको," वाकळीवरून ताई म्हणाली.

"दहा जूनला किती दिवस राहिलेत, ताई?"

 ताई आपणहून कुशीवर वळली आणि भिंतीकडे तोंड केलं.

अकरा सुया गेल्या, अकरा चिंचोके पडले. हवालदार आणि बनाबाई दाराकडे तोंड करून बसले. मी एकटी ताईकडे तोंड करून, डोळे मिटून, उजवा हात उघडा पुढे धरून बसले. फार शूर वाटत होतं, पहिली दोन मिनिटं. मग हात दुखू लागला. मग घाम आला. मी मनातल्या मनात पाढे म्हणायला लागले आणि सतराच्या पाढ्यात तो ओल्या लाकडाचा धूर आला.

माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं गेलं. बारीक, थंड, जराशी वाकडी वस्तू. माझी बोटं आपोआप मिटली. मग मनगटाभोवती दुसरी बोटं आली. ती कोरडी होती, खरबरीत होती, आणि घाईत नव्हती. मला ओरडायचं होतं, पण तोंड उघडलं तर डोळेही उघडतील अशी भीती वाटली. आपल्या आजोबांनी हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसा माझा हात पुढे गेला. ताईच्या कोपरापाशी माझं बोट टेकलं. हाडाच्या कडेला एक छोटा खळगा होता. तिथे दोनदा दाबलं, म्हणजे हीच. मग सुई खाली गेली, आणि माझ्या बोटांना कळलं की ती आता जागेवर आहे. कसं कळलं ते सांगता येणार नाही. घागर भरत आल्यावर आवाज बदलतो, तसं काहीतरी.

मनगट सुटलं. मी डोळे उघडले. सुई उभी होती. ताईच्या पाचही बोटांनी वाकळीची कड घट्ट धरली होती.

बारावा चिंचोका मी माझ्या हाताने ताटलीत टाकला.

त्यानंतर तो आला नाही. त्या रविवारी फडक्यात गुंडाळलेली काळी सुई पुढच्या रविवारी फडक्यातच होती. मला ती उचलावी लागली, आणि मी डोळे मिटल्याबरोबर हात आपला आपण गेला. ताईने मेच्या शेवटी पाटीवर आपलं नाव लिहिलं. वाकडं होतं, पण मुंगळ्याचं नव्हतं. हेडबाईंनी पाटी बघितली आणि म्हणाल्या, "दहाला साडेदहा वाजता या. खडू मी देते."

पण हवालदारांचं म्हणणं, दिवाळीपर्यंत सुया सुटता कामा नयेत, नाहीतर हात पुन्हा झोपेल. आणि माझी तर जूनपासून रविवारीही शिकवणी होती. इंग्रजी सहावी, म्हणजे मॅट्रिकच्या आधलं वर्ष, काही गंमत नाही. म्हणजे ती जागा हवालदारांनी शिकायलाच हवी होती. जूनच्या पहिल्या रविवारी अकरा सुया टोचून झाल्यावर मी काळी सुई पुढे केली.

"काका, हात द्या."

ते उठले. म्हणाले, म्हशीला पाणी दावायचं राहिलं.

"बसा," बनाबाई म्हणाल्या. "म्हस न्हाई मरत. पोर रविवारच्या रविवारी धूर खात येती, नि तुमाला म्हस सुचती?"

हवालदार बसले. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या तळव्यावर सुई ठेवली आणि मनगट धरलं.  मीही डोळे मिटले, कारण मला दुसऱ्या कुठल्या रीतीने ती जागा येतच नव्हती. आमचे हात ताईच्या कोपराच्या दिशेने निघाले.

अर्ध्या वाटेत हवालदार थांबले. अगदी हळू आवाजात, माझ्याशी नाही, ते म्हणाले, "बाबा, मला डुलकी लागली व्हती."

माझ्या अंगठ्याने त्यांचं मनगट दोनदा दाबलं.

मी दाबलं नव्हतं. मी हे कितीही जणांपुढे उभी राहून सांगेन. माझा अंगठा माझ्या हाताला होता आणि दाबला दुसऱ्याच कुणी, न रागावता, पुढे चल म्हणावं तसा.

 हवालदारांचा हात पुढे गेला, त्याने खळगा शोधला, आणि सुई खाली उतरली. मी मनगट केव्हा सोडलं ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नव्हतं. वाकळीवर ताईची बोटं एकेक करून टेकत होती, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आणि परत.

"आज कुणी टोचली गं?" भिंतीकडे तोंड ठेवूनच तिने विचारलं.

बनाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी हवालदारांकडे. ताटलीत बारा चिंचोके होते. ताईने पुन्हा विचारलं, पण आम्हा तिघांपैकी कुणालाच चटकन नाव सांगता आलं नाही.